डेन्टन फेअरच्या चेहऱ्यावरची भीती

हॉलिवूड, ६ नोव्हेंबर १९४६

प्रिय वर्ना,

पाकिटावरचं अक्षर बघून तू दोनदा डोळे चोळले असशील. हो, मीच. दोन वर्षांत एक ओळ न पाठवणारा तुझा भटका भाऊ. हे पत्र बाबांसमोर वाचू नकोस. स्वयंपाकघरातल्या त्या उंच कपाटाचं दार उघड आणि दाराआड बस. त्याच्या आतल्या बाजूला तू डेन्टन फेअरचा फोटो चिकटवला होतास, तिरकी टोपी आणि ते सगळे दात. आईनं दोनदा फाडला आणि तू दोनदा नवा लावलास. अजून असेल तिथं, पैज लावतो. तर त्याचा नवा सिनेमा सोळा तारखेला, शनिवारी, आपल्या गावात लागतोय. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू तो बघायला जाऊ नकोस. मला त्या सिनेमाची भीती वाटते. हसू नकोस, खरंच वाटते.

आता खुर्ची घट्ट धर. मी डेन्टन फेअरबरोबर काम करतो. म्हणजे त्याच्याऐवजी उभा राहतो. दिवे लावायला, कॅमेरा जुळवायला तास तास जातो, तेवढा वेळ फेअरसाहेब दिव्यांखाली कशाला तापतील? म्हणून त्यांच्याच उंचीचा, त्यांच्याच खांद्यांचा एक फालतू माणूस जमिनीवरच्या खडूच्या फुलीवर उभा करतात. सगळं जमलं की साहेब येतात, मी बाजूला होतो. तो फालतू माणूस मी. आधी संत्री तोडली, मग सॅन पेड्रोच्या बंदरावर भांडी घासली, मग कुणीतरी म्हणालं की स्टुडिओच्या फाटकाशी उंच माणसं शोधतायत. लष्करानं अधू डाव्या कानामुळं परत पाठवलं होतं, इथं कान कुणी विचारला नाही. इथलं कॅन्टीन तू बघायला हवंस. परवा माझ्या समोर सहा रोमन सैनिक शिरस्त्राणं उलटी ठेवून त्यात पावाचे तुकडे टाकत वाटाण्याचं सूप पीत होते. एक म्हणाला, “सीझर उशीर करतोय, बहुतेक दाढदुखी.” पण मी कुठं भरकटलो. मला जे सांगायचंय त्याच्याजवळ गेलो की पाय आपोआप दुसरीकडं वळतात, तुला माहितेय.

फेअरसाहेबांचं सांगतो. शिकागोच्या एका हॉटेलात बँडसमोर गायचे, तिथून रेडिओ, तिथून इथं. अकरा वर्षं एकच सिनेमा: टोपी, जिना, मुलगी, गाणं. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. चित्रीकरणाला ती तबकडी लावतात आणि त्यांनी तिच्याबरोबर ओठ हलवायचे. त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. कुठं श्वास घेतला, कुठं हसले, सगळं केसाइतकं जुळतं. पण तबकडी नसेल तर माणूस बिथरतो. एकदा मला म्हणाले, “वेंडल, मी अकरा वर्षं माझ्याच आवाजामागं पळतोय बाबा.” आता वय एक्केचाळीस. टोपीखाली केस राहिले नाहीत आणि युद्धावरून परतलेल्या पोरांना चांदण्यातली गाणी ऐकवत नाहीत. म्हणून त्यांनी स्टुडिओच्या मालकांच्या हातापाया पडून एक काळा, कडक सिनेमा मागून घेतला. मालक म्हणाले, “एक संधी देतो. नाही जमलं तर गुपचूप टोपी घाल आणि जिना उतर.”

सिनेमात ते रेल्वेचे सांधेवाले आहेत, गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे. एक दिवस त्यांच्याकडून सांधा बदलायचा राहतो, गाडी घसरते, माणसं मरतात आणि आळ येतो कामावरच्या जोडीदारावर. मोठा प्रसंग असा की त्या जोडीदाराला सगळ्यांसमोर जाब विचारतात आणि आपले फेअरसाहेब बाजूला गप्प उभे. वाक्य एकही नाही. नुसतं उभं राहायचं. नऊ वेळा घेतलं, वर्ना. नवव्या वेळी दिग्दर्शकांनी, बार्ना त्यांचं नाव, हंगेरीकडचे आहेत, हातातली वही आपटली. “अरे माणसा, तू दुःखी होतोयस! दुःखी गाण्यात हो! मला घाबरलेला माणूस हवाय. आता पकडला जाईन म्हणून घाबरलेला, आणि पकडला जात नाही म्हणून त्याहून घाबरलेला!” फेअरसाहेब खाली बसले. 

मग दिवे बदलायला घेतले आणि मला फुलीवर उभं केलं. समोर जोडीदाराचं काम करणारा नट सहज आपलं वाक्य घोकत होता, “मी सांधा बदलला होता. देवाशप्पथ बदलला होता.” तीनदा म्हणाला. माझा चेहरा तेव्हा काय करत होता मला ठाऊक नाही. पण कॅमेऱ्यामागून म्हातारा गस ओरडला, “फेअरसाहेब, जरा इकडं या! जे तुम्ही सकाळपासून शोधताय ते हे पोरगं फुकट करतंय!” सगळे हसले. फेअरसाहेब हसले नाहीत. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

त्यांच्या खोलीत त्यांनी स्वतः कॉफी ओतून दिली आणि दार लावलं. “कुणाचं काय केलंस तू?” असंच विचारलं, सरळ. वर्ना, आठ वर्षांत मी कुणाला बोललो नव्हतो. मालगाडीत बरोबर झोपलेल्यांना नाही, बेकर्सफील्डला भेटलेल्या त्या पाद्र्याला नाही. यांना सांगितलं. रेडिओतून ऐकलेला आवाज होता ना, घरातलाच वाटला. ऐकून झाल्यावर ना धीर दिला, ना शिव्या दिल्या. म्हणाले, “मला अभिनय येत नाही रे. मला तबकडी लागते. ती तू हो.” तीन दिवस आम्ही आरशासमोर उभे होतो. मी आठवायचो, ते जुळवायचे. जशी गाण्याला ओठ जुळवायचे तसं, केसाइतकं. गिळतो कधी, पापणी कधी हलते, रडणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं न बघता बुटांकडं कसं बघतो, डाव्या कानामागं अंगठा कसा घासतो. मला भीती वाटायला लागली तेव्हा मी म्हटलं, “साहेब, पुरे आता.” ते म्हणाले, “एकदाच, वेंडल. मला परत तो जिना उतरायचा नाही.” माणूस रडवेला झाला होता. मी परत उभा राहिलो.

प्रसंग पहिल्या झटक्यात झाला. बार्ना ‘थांबा’ म्हणायचंच विसरले. आता वर्तमानपत्रं म्हणतायत की गाणारा बाहुला मेला आणि नट जन्माला आला. करार पुढं वाढला. त्यांनी मला आपली जुनी टोपी दिली, ती मोठी होते. मी सिनेमा स्टुडिओतल्या छोट्या पडद्यावर बघितला आणि मध्येच उठून भिंतीला धरून बाहेर आलो. तिथं फेअरसाहेब नव्हतेच. मीच होतो, चौदा वर्षांचा, आपल्या खळ्यात उभा. गेल्या महिन्यात आपला धाकटा डेल चौदाचा झाला असता. तेव्हा मी होतो तेवढा.

म्हणूनच हे सगळं लिहितोय. जगात कुणालाही तो नट दिसेल, तुला मी दिसणार. डेल गेला त्या दिवशी माझा हात कानावरून तूच काढलास. कान लाल झाला होता, तू म्हणालीस, “नको रे, सोलून निघेल, रडून घे त्यापेक्षा.” तुला ते दुःख वाटलं. दिग्दर्शकाला नऊ वेळा दुःख दिसत होतं ना, तसं. पण शनिवारी तू पुढच्या रांगेत बसशील, तुझा लाडका डेन्टन फेअर कानामागं अंगठा घासेल, त्याच वेळी जोडीदार म्हणेल की मी सांधा बदलला होता, आणि तू चटकन ओळखशील. तुला अंधारात, गावच्या लोकांत बसून, एकटीला कळू नये. माझ्याकडून कळावं.

मक्याच्या कोठीची खालची झडप तुझ्या ऍन्सलनं, आपल्याकडं कामाला होता त्यानं, बंद केली होती. तो खिळे आणायला गेला तेव्हा मला म्हणाला, “बंद केलीय बरं का, डेलकडं लक्ष ठेव.” मी ती उघडली. मका पडतो तेव्हा पावसासारखा आवाज येतो, तेवढा ऐकायला. मग मालगाडीची शिट्टी झाली आणि मी डबे मोजायला रुळांकडं पळालो, झडप तशीच ठेवून. डेल वर मक्यात खेळतोय हे मला माहीत होतं. एकोणसाठ डबे होते. परत आलो तेव्हा तो दिसत नव्हता; खालून मका वाहत गेला तसा तो आत ओढला गेला होता, मक्याखाली गुदमरला होता. बाबा ऍन्सलवर ओरडत होते. तो म्हणाला, मी बंद केली होती. तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझा कान पाहिला, आणि मग तो गप्पच झाला. त्याला कळलं होतं, वर्ना. चौदा वर्षांच्या पोराला त्यानं वाचवलं. बाबांनी त्याला त्याच दुपारी हाकललं आणि तू त्याची साखरपुड्याची अंगठी जेवणाच्या टेबलावर ठेवून दिलीस. मी खिडकीतून बघत होतो. तेव्हाही मी बोललो नाही. दोन वर्षांनी घर सोडलं ते जग बघायला नाही.

बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरवू नकोस, ते माझं मी करीन. ऍन्सल कुठं आहे मला माहीत नाही. विचारत विचारत इथवर आलोय, अजून विचारतोय. माझी बस शनिवारी दुपारी तीन चाळीसला पोहोचते आणि सिनेमा सातला आहे. मारायचं असेल तर मधे भरपूर वेळ आहे. तू फाट्यावर आली नाहीस तरी मी चालत घरी येईन, कोठीवरून, नेहमीच्या वाटेनं. वाटेत मालगाडी लागली तर या खेपेला डबे मोजायला थांबणार नाही.

तुझाच, आणि आठ वर्षं तुझ्यापासून लपलेला,
वेंडल