डावखुरी बाई

४ जून, अमरावती
अहवाल छापून आला! आमचं कॉलेज अन् परदेशातलं एक विद्यापीठ, दोघांचं मिळून काम. वऱ्हाडातल्या कापसापासून परदेशातल्या दुकानापर्यंत शर्टाचा प्रवास. पान ४१ वर माझी कमलताई, शर्टाच्या कारखान्यातली, मीच मुलाखत घेतलेली. नाव बदललेलं, बोलणं तिचंच: "तपासणीवाले आले का संडासाची किल्ली खुंटीवर. गेले का सायबाच्या खिशात." तिकडच्या मॅडमचा मेल, हाच उतारा सगळ्यांत जिवंत. दिवसभर हवेत होते.

१९ जून
नांदगाव पेठहून सुमनचा फोन, रडत. कमलताईच्या शेजारच्या मशीनवर बसते ती. कमलताईले कामावरून काढलं. शर्ट घेणाऱ्या कंपनीनं अहवाल वाचून कारखान्याले जाब विचारला म्हणे. पण नाव तर आपण...
पान ४१ पुन्हा काढलं. "काज-बटणावरची डावखुरी विधवा." माझंच वाक्य. आवडलं होतं म्हणून ठेवलं. त्या लाइनीत डावखुरी एकच. गाढव आहे मी, गाढव!

२० जून
कॉलेजातल्या सरांना सांगितलं. "नाव नव्हतं ना? मग नियमानं आपण बरोबर." तिकडं मेल केला. फार वाईट वाटलं म्हणतात. समितीपुढे ठेवतील, सप्टेंबरात.

२७ जून
तिचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. सुरुवातीलाच: "नाव नको टाकजो माय." अन् मी, हसून: "कोणालेच समजणार नाई, ताई."
ते हसू कानातून जात नाही. कुकरच्या शिट्टीत, बसमध्ये, सगळीकडे माझंच हसू. भीती वाटते मला त्याची.

२ जुलै, बाळापूर
कमलताई इथं भावाकडे राहते आता. सगळं सांगायचं ठरवूनच गेले. डाव्या हातानं चहा गाळला तिनं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "आमच्यातल्याच कोन्या बाईनं चुगली केली. इतकी वर्सं एका डब्यात जेवलो वो! कोनं केलं, एवढं शोधून दे मले. तू शिकलेली हायस."
मी म्हटलं, बघते.
बघते! जीभ कशी झडली नाही माझी.

९ जुलै, अमरावती
परिषदेचं बोलावणं आलं. परदेशात, विमानानं. पान ४१ मीच वाचून दाखवायचं. आईनं पेढे वाटले. मी अजून हो-नाही कळवलं नाही.

११ जुलै
दुपारी कमलताईचा फोन. "सापडली का वो?" सुमनशी बोलणं बंद केलं म्हणे. "तिचीच जीभ लंबी. येऊ दे दारात, झाडूनं हाकलते."
मी म्हटलं, सुमन नाही ताई.
"मंग कोन?"
गल्लीत भाजीवाला ओरडत होता.
"हालो? हायस ना वो?"
आहे, म्हटलं. आहे, ताई. ऐका...