याएलला शांत खोलीतून बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. श्रीमती लॉरेन काप्लिन्स्की,
संचालिका, रविवार शाळा,
माउंट कार्वर सिनेगॉग, ओहायो.

दिनांक : २४ फेब्रुवारी २०२६

विषय : कर्णबधिर मुलीला आवाजापासून वाचवण्याचा उद्योग थांबवणेबाबत.

संदर्भ : आपल्या समितीचे ‘पुरीम सर्वांसाठी’ हे गुलाबी पत्रक, तसेच रविवारी दारात झालेली आपली-माझी बोलाचाली.

महोदया,

१. मी, हेनी झुकरब्रोट, आठ वर्षांच्या याएलची आजी, अर्ज करते की, येत्या सोमवारी संध्याकाळी पुरीमच्या सणाचे वाचन आहे. एस्तेर राणीची गोष्ट वाचताना आपल्या ज्यू लोकांच्या जिवावर उठलेल्या हामानचे नाव आले, की खुळखुळे वाजवून आणि पाय आपटून ते बुडवायचे, हे आपणांस मी शिकवावे असे नाही. लहानपणी सर्वांत जास्त धिंगाणा आपणच घालत होता.

२. यंदा समितीने कोणी वगळले जाऊ नये म्हणून मुलांसाठी कृती आखल्या. मुकुट रंगवणे, मुखवटे, खसखशीचे सारण भरून त्रिकोणी बिस्किटे वळणे, आणि गोंगाट न सोसणाऱ्यांसाठी शांत खोली. लेव्हिटानांच्या मुलाला गोंगाटाने रडू फुटते, त्याला ती खोली जरूर मिळावी. परंतु रविवारच्या सरावात याएललाही तिथेच बसवले आणि तिच्या कानांवर आवाज अडवणारी टोपणे चढवली. तिला जन्मापासून काहीही ऐकू येत नाही. टकलाला उवांचे औषध चोळावे तसा हा प्रकार आहे.

३. याबाबत विचारले असता आपण म्हणालात, “हेनीमावशी, तिला तिकडे काय कळणार? उगाच बावरेल. इथे कशी छान रंगवत बसलीय.” मी म्हटले, “रंगवत नाहीये ती लॉरेन, कागद फाडतेय.” त्यावर आपला खुलासा असा, की “फॉर्ममध्ये कानांच्या तक्रारीचा रकाना एकच आहे, मावशी. मी तरी काय करू?”

४. तिला काय कळते ते आता वाचा. सभागृहाची जमीन लाकडी आहे. सगळ्यांनी पाय आपटले, की तो दणका तिच्या टाचांतून छातीपर्यंत चढतो. गेल्या वर्षी ती पहिल्या रांगेत उभी होती. वाचणारे पेरेट्झ ते नाव घेण्याआधी थांबून मान वर करतात, आणि ती त्यांच्या दाढीवर नजर लावून होती. आपली ऐकणारी मुले बिस्किटे चघळत असताना पहिला पाय प्रत्येक वेळी तिचा पडला. घरी आल्यावर तिने हातांच्या खुणांनी सांगितले, “आज मीपण सगळ्यांबरोबर ऐकलं.” मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

५. आता कळते, की दणदणाट कमी व्हावा म्हणून समिती सभागृहात जाड गालिचा अंथरणार आहे. म्हणजे पोर खोलीतून कशीबशी सुटलीच, तर पायाखालचेही काढून घ्यायचे. इतके पद्धतशीर हामानलासुद्धा सुचले नव्हते.

६. तरी गालिचा गुंडाळून ठेवावा आणि याएलला पहिल्या रांगेत उभे करावे. समितीला माझे म्हणणे मान्य नसल्यास तिने ध्यानात घ्यावे, की बिस्किटांची सगळी खसखस माझ्या फळीवर आहे आणि ती तिथेच राहील.

७. बुटाच्या तळव्यावर हामानचे नाव खडूने लिहून ते पाय आपटून पुसायची आपली जुनी रीत आहे. काल याएलच्या उजव्या बुटावर मी ते लिहून दिले. मग तिने डावा पुढे केला. यावर काय लिहू, असे विचारताच तिने आधी कानांवर टोपण चढवल्याची खूण केली आणि नंतर आपण घालता त्या साखळीच्या चष्म्याची. सोमवारपर्यंत थांब, असे मी तिला सांगितले आहे. डावा तळवा तूर्त कोरा आहे.

आपली,
(नम्र की कसे, ते सोमवारी ठरेल)
हेनी झुकरब्रोट

सोबत : कानांची टोपणे, एक जोडी. साभार परत.