डावा आरसा

प्रिय धाकट्या,

बारा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता बसलो तर हात साथ देत नाही. आयुष्यभर वायरी सोलून बोटं जाड झाली आहेत, पेन धरवत नाही. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण वाच. फोनवर तू 'बरंय ना सगळं?' विचारतोस, मी 'बरंय' म्हणतो, आणि दोघंही सुटलो एकदाचे म्हणून फोन ठेवतो. आज तसं करणार नाही.

आधी घरचं सांगतो. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, म्हणून तिची खोली खाली लाँड्रीच्या मागच्या बाजूला केली आहे. तिथे बसून ती इस्त्रीवाल्यांवर नजर ठेवते आणि हॉटेलांच्या चादरी स्वतः मोजते. एक जरी कमी पडली तरी तिला घास गोड लागत नाही. आणि तुझी मुंगी एकोणीस वर्षांची झाली. तू तिला ते नाव ठेवलंस तेव्हा माझी बायको रागावली होती. पोरीने नाव खरं करून दाखवलं, जेमतेम माझ्या खांद्याला लागते. पण जीभ हातभर आहे. आपला व्हॅनवाला, तो ताडमाड, दोन महिन्यांपूर्वी काम सोडून गेला, तर ही म्हणाली, दुसरा माणूस कशाला, मी आहे ना. परवाना काढून आणला आणि बुडाखाली दोन उशा घेऊन चादरी पोचवायला लागलीसुद्धा.

हो, व्हॅन तीच आहे. तू जाताना विकून टाका म्हणाला होतास. आईने नाही विकली. अण्णांनी घेतलेली वस्तू घरातून जाणार नाही, एवढंच म्हणाली, आणि त्यावर बोलायची कोणाची छाती झाली नाही.

मुंगीची अडचण अशी होती की स्टिअरिंगवर बसून तिचा हात डाव्या आरशापर्यंत पोचत नसे. त्या ताडमाडाला काही वाटायचं नाही, आडवा होऊन काच खाली करून आरसा वळवायचा. ही बिचारी खाली उतरायची, वळसा घालून आरसा हलवायची, परत येऊन बसायची, चुकलेला दिसला की पुन्हा खाली. एक दिवस माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "बाबा, सगळ्या गावाच्या गाड्यांना बटणावर फिरणारे आरसे बसवता, घरच्याच गाडीला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, बघू. पुढच्या आठवड्यातही बघूच म्हटलं. तिला वाटलं मी आळशी आहे. शेवटी तिनेच भंगारवाल्याकडून त्याच व्हॅनच्या नंतरच्या मॉडेलचे मोटरवाले आरसे शोधून आणले आणि माझ्या टेबलावर, जेवणाच्या डब्याशेजारी, आणून ठेवले. मग पळवाट उरली नाही.

मंगळवारी दुपारी गाडी आत घेतली. उजवी बाजू आधी केली. दाराचं आतलं पॅनल काढलं, जुन्या प्लास्टिकच्या क्लिपा कटाकट तुटल्या. दार आणि बॉडीच्या मध्ये जी रबरी नळी असते, तिच्यातून नवीन वायरी ओढायच्या म्हणजे घोड्याच्या कानात दोरा ओवण्यासारखं. साबणाचं पाणी लावून मुंगीने बाहेरून ढकलायचं, मी आतून चिमट्याने खेचायचं. डॅशबोर्डवर बटण बसवलं, फ्यूज टाकला. तिने हौसेने 'वर' दाबलं तर आरसा उजवीकडे वळला, 'खाली' दाबलं तर डावीकडे. पोट धरून हसली. म्हणाली, अगदी तुमच्यासारखा आहे, सांगावं एक आणि करतो भलतंच. दोन वायरींची अदलाबदल झाली होती, ती सुधारली. मीही हसलो, पण डाव्या दाराकडे जायचं अजून बाकी होतं.

डावा आरसा तिनेच काढला. स्क्रू काढून आरसा हातात घेतला आणि त्याच्या बुडाचं कव्हर उघडून बघत राहिली. आरसा ज्या गोळ्यावर फिरतो तो झिजलेला होता. त्याच्याभोवती कोणीतरी ट्यूबचा रबरी तुकडा नीट कापून, दुमडून, तांब्याच्या तारेने आवळून बसवला होता. तिने आरसा हलवून पाहिला, जोर लावल्याशिवाय तो हलेना. म्हणाली, "बाबा, काय सुरेख काम केलंय कोणी! किती वर्षांचं असेल?" मी म्हटलं, बारा. तिने विचारलं, तुम्ही केलंत? मी हो म्हटलं आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

धाकट्या, तो तुकडा मी कोणत्या दिवशी बसवला ते तुला सांगायचं आहे.

अण्णांनी मला त्या महिन्यात तीनदा सांगितलं होतं की डावा आरसा ढिला झालाय, चालता चालता मान टाकतो, मागचं दिसायच्या ऐवजी जमीन दिसते. मी तिन्ही वेळा 'उद्या' म्हटलं. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या गाड्यांची रांग होती, आणि घरचं काम कुठे पळून जातंय असं वाटायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग तो गुरुवार आला. मागच्या अंगणात तू गाडी मागे घेत माल चढवायच्या धक्क्याला लावत होतास, डाव्या बाजूला चादरींचं गाठोडं पडलं, अण्णा ते उचलायला वाकले. पुढचं तुला मी काय सांगू. तुझी किंकाळी मला वर्कशॉपपर्यंत ऐकू आली होती.

तू सगळ्यांना सांगत होतास, आरशात फक्त जमीन दिसत होती, मला अण्णा दिसलेच नाहीत. शेजारी होते, मामा होते, आई होती. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, तू यातला जाणता, तू सांग. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, आरशाला काही झालेलं नव्हतं. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, ते मला आजही कळत नाही, रागाने नाही. तुला वाटलं दादा म्हणतोय म्हणजे तसंच असेल, आपलंच लक्ष नसेल. दुसऱ्या दिवशी तपासणीला माणूस यायचा होता. त्याच्याआधी, सगळे हॉस्पिटलमध्ये असताना, मी तो रबरी तुकडा कापला आणि बसवला. पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांचं काम, धाकट्या, आणि बारा वर्षं टिकलं. तपासणीवाल्याने आरसा हलवून पाहिला आणि कागदावर लिहिलं, चालकाचा निष्काळजीपणा.

अण्णा नऊ दिवस होते. सातव्या दिवशी त्यांच्याजवळ मी एकटाच बसलो होतो. त्यांनी डोळे उघडले आणि मला विचारलं, "आरसा घट्ट केलास का रे?" मी म्हटलं, केला. "बरं झालं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांना ठाऊक होतं. शेवटचे दोन दिवस त्यांनी कोणालाही काही सांगितलं नाही. मला वाचवायचं म्हणून की मीच कधीतरी बोलेन या भरवशावर, ते मला सांगता येत नाही. मी ना त्यांच्यासमोर बोललो, ना त्यांच्यामागे. तू परवाना फाडलास, ठरलेलं लग्न मोडून घेतलंस, तिकडे जाऊन गोदामात खोकी मोजत बसलास. आई तुझ्याशी फोनवर दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात द्यायची, आणि मी तो घ्यायचो. आपल्या घरात गाडी सगळ्यात हलक्या हाताने कोण चालवायचं? तू. हे मला माहीत होतं आणि तरी लोक 'धाकट्याने घात केला' म्हणायचे तेव्हा मी मान खाली घालून बसायचो. त्यांना वाटायचं मी दुःखात आहे.

मंगळवारी तो तुकडा खिशात घालून मी आईच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ती चादरींच्या घड्या घालत होती. माझं बोलणं संपेपर्यंत तिने हात थांबवला नाही. मग म्हणाली, "मी बारा वर्षं त्याला ये म्हटलं नाही रे." एवढंच. रडली नाही, मला शिव्या दिल्या नाहीत. त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी मामांकडे गेलो, त्यांनाही सांगितलं. त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. बरोबर केलं. मुंगीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती मला अजून बाबा म्हणते, पण हाक मारण्याआधी जरा थांबते.

आईने काल मुंगीकरवी निरोप धाडला. पुढच्या रविवारी ती बसने तुझ्याकडे यायला निघणार आहे, त्या गुडघ्यांनी, सोळा तास. मुंगी सोबत असेल. मला येऊ नको म्हणाली. तिला तुझी माफी मागायची आहे, आणि म्हातारीला ती गोष्ट दारात उभं राहून पहिल्यापासून सांगावी लागू नये, म्हणून हे पत्र तिच्याआधी तुझ्या हातात पडायला हवं. चूक माझी होती आणि खोटंही माझं. ते तिच्या तोंडून निघता कामा नये. तुझा जो काही राग असेल तो तिच्यावर काढू नकोस, तो माझा आहे, माझ्याकडे पाठव. मला उत्तर नाही आलं तरी मी समजून घेईन. फक्त ती आली की तिचा हात धर. तुमच्याकडच्या बसच्या पायऱ्या उंच असतात म्हणे.

अजून म्हणून घ्यायचा हक्क उरला असेल तर, तुझाच,
दादा