अक्काचे दात आणि तेरावा पगार

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग उधारीवर धर.)

पत्र लिहिण्यास कारण की, फोन केला की तू तो मधल्याच्या हातात देतेस आणि मधला सांगतो, अक्का आंघोळीला गेलीय. परवा एका दिवसात तुझ्या चार आंघोळी झाल्या. या वयात इतकं पाणी अंगावर घेणं बरं नव्हे. तुझा खोकला कसा आहे? रात्री झोप लागते का? मधल्याची बायको तुझ्यापुरतं मऊ शिजवते, की सगळ्यांबरोबर तुलाही तेच कडक कडक वाढते? तिला सांगायला तू लाजशील म्हणून मीच मधल्याला म्हटलं, जरा अक्काच्या जेवणाकडे बघा. तर तो म्हणाला, अक्काचे दात कुठे आहेत ते तुला चांगलं माहीत आहे. आहे माहीत. स्वयंपाकघरातल्या फळीवर, काचेच्या पेल्यात आहेत. पाणी मी रोज सकाळी बदलतो.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. तुझ्या भावजयीने माझ्याशी अबोला धरलेला नाही, पण ती कामापुरतंच बोलते, आणि तिचं माझ्याकडे फारसं काम नसतं. मुलगी जेवायला बसताना तुझ्या खुर्चीवर दप्तर ठेवते आणि मी ते उचलायला गेलो की म्हणते, राहू द्या, आत्याची जागा धरून ठेवलीय. कारखान्यात तुझी रजा मी मंजूर करून घेतली आहे. पॅकिंगला तुझ्या जागी एक नवी मुलगी बसवलीय. हुशार आहे बिचारी, पण कुलपाच्या खोक्यात दोन किल्ल्या टाकायच्या तिथे कधी एक टाकते, कधी तीन. एका दुकानदाराला तर नुसत्याच किल्ल्या गेल्या, आत कुलूपच नव्हतं. मालकांनी मला बोलावून विचारलं, अक्काबाई कधी येणार? मी सांगितलं, तब्येत बरी नाही. (हे खोटं नव्हे. माझी बरी नाही.)

आता मूळ विषय. तो तुला ठाऊक आहे, पण त्या दिवशी तू ऐकून घ्यायला थांबली नाहीस. म्हणून पहिल्यापासून लिहितो. आपल्याकडे पगार महिना संपल्यावर, पुढच्या महिन्याच्या एक तारखेला. एकला सुट्टी आली तर कामाच्या पुढच्या दिवशी. हा मालकांच्या वडिलांनी पाडलेला पायंडा, आणि तो मोडायची कोणाला कधी गरज वाटली नव्हती. पण गेल्या आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. नव्या आर्थिक वर्षाच्या पहिल्याच दिवशी, एक एप्रिलला, सुट्टी, लगेच पुढे शनिवार-रविवार, बँक बंद, म्हणजे पगार थेट चार तारखेला. तू त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणालीस की प्रेस मशीनवरच्या माणसांची पंचाईत होणार, त्यांची घरभाडी एकलाच द्यावी लागतात. (तू बोललीस म्हणून हे झालं असं मी म्हणत नाही. एकदा म्हणून पाहिलं, तेव्हा तुझ्या भावजयीने असं बघितलं की मी ताट घेऊन मोरीकडे गेलो.) दुसऱ्या दिवशी मी मालकांच्या खोलीत गेलो. त्या खोलीत मी आजवर सह्या घ्यायलाच गेलेलो. म्हटलं, या खेपेला पगार एकतीसलाच देऊन टाकू या का? मालक म्हणाले, द्या. बस्स, एवढंच. माझं म्हणणं कोणी इतक्या सहज ऐकावं याची मला सवय नाही (घरची परिस्थिती तू जाणतेस), त्यामुळे मी जरा हवेत गेलो.

आणि लोकांनी मला हवेतच ठेवलं. माझ्या पगाराच्या खिडकीशी न मागता चहा आला. आपला ड्रायव्हर, जो मला वर्षानुवर्षं 'कात्री' म्हणूनच हाक मारतो (पगार कापतो म्हणून), त्याने खिडकीतून हात आत घालून माझा हात हातात घेतला. प्रेसवरच्या मंडळींनी मी जाताना कुलपं वाजवली. इथे थांबलो असतो तरी चार दिवस मान ताठ ठेवून फिरलो असतो आणि विषय मिटला असता. पण अति तिथे माती. नव्या वर्षात मी सगळ्यांचे वार्षिक हिशेब छापायला बसलो, तर पगाराच्या यंत्राने प्रत्येकाच्या कागदावर लिहिलं, वर्षातले पगार: तेरा. मी बोटांवर मोजून पाहिले. पहिला गेल्या एप्रिलच्या सुरुवातीचा, मग दर महिन्याचा एकेक, आणि वर हा एकतीसचा. खरंच तेरा. मला वाटलं, एक पगार जास्तीचा निघाला. उभा जन्म दुसऱ्यांचे पगार काढण्यात गेला त्या माणसाला हे वाटलं, अक्का. पगार फक्त अलीकडे सरकला होता, पण माझ्या डोळ्यांवर चहाची वाफ धरली होती. मी खिडकीतून सगळ्यांना सांगत सुटलो की यंदा तुम्हाला तेरावा पगार मिळालाय, मजा करा.

तू तेव्हा विचारलं होतंस, अरे, पण मार्च तर एकदाच येऊन गेला ना? मी हसलो होतो. म्हटलं, अक्का, तू किल्ल्या मोज, कॅलेंडर माझ्यावर सोड. हे वाक्य आता मला रोज सकाळी पेल्यातलं पाणी बदलताना आठवतं.

आणि मग मीच तुझ्या मागे लागलो. तुझे दात गेले त्याला कैक वर्षं झाली. कवळीचा विषय निघाला की दर वेळी काहीतरी आडवं यायचं. एकदा माझं ऑपरेशन, एकदा मुलीची फी. (दोन्ही वेळा तू तुझे साठवलेले पैसे पुढे केलेस आणि म्हणालीस, मला काय, मऊ खाऊन दिवस जातायत. मी ते घेतले. विसरलेलो नाही.) तोवर तुला हसताना तोंडावर हात धरायची इतकी सवय लागली की मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाच्या फोटोत तुझे डोळे आहेत, तुझा हात आहे, तोंड कुठेच नाही. म्हणून म्हटलं, हा पगार घरात देऊ नकोस, हा वरचा आहे, यात दात करून घे. तू आठवडाभर नाही नाही म्हणालीस, आणि मग एका सकाळी इस्त्रीचे कपडे घालून दंतवैद्याकडे जायला तयार होऊन बसलीस, तेही त्याचा दवाखाना उघडायच्या कितीतरी आधी.

ते दिवस मला सोडत नाहीत. तू सफरचंद न किसता, न चिरता, अख्खं खाल्लंस, आणि तेही दारात उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. शेजारीण दोनदा काहीतरी मागायला येऊन गेली तरी तुझं सफरचंद संपेना. आणि त्या रविवारी माळ्यावरचा डबा काढताना मी खुर्चीवरून घसरलो (हाच तो गुडघा), तेव्हा तू हसलीस. हात मांडीवर तसाच राहिला, वर आलाच नाही. मला एवढं लागलं होतं की बोंब ठोकणार होतो, पण तुझ्याकडे बघत जमिनीवरच बसून राहिलो. लहानपणी मी चिखलात पडलो की तू अशीच हसायचीस आणि मग उचलायला यायचीस. तुझं हसणं असं असतं हे मी पार विसरून गेलो होतो, अक्का. त्याची मला फार लाज वाटली.

पुढे महिना ओढूनताणून काढावा लागला. तुझी भावजय म्हणाली, जास्तीचा पगार येऊन डबे रिकामे कसे? तेव्हाही माझी ट्यूब पेटली नाही. ती पेटली कर-कचेरीची पाकिटं आली तेव्हा. प्रकरण साधं आहे आणि तेच वाईट आहे. सरकार वर्षाला ठरावीक रकमेवर कर घेत नाही. त्या माफीचे आपलं यंत्र बारा भाग करतं आणि दर पगाराला एकेक भाग सोडून उरलेल्यावर कर कापतं. त्याने तेराव्या पगारालाही एक भाग सोडला, जो सरकारने कोणाला दिलेलाच नव्हता. म्हणजे सगळ्यांचाच कर कमी कापला गेला, आणि तो आता व्याजासकट भरायचा. दुष्काळात तेरावा महिना येतो असं आपण म्हणतो. आमच्याकडे तो मी अर्ज करून बोलावला.

त्या सकाळी माझ्या खिडकीशी रांग लागली, पण चहा नव्हता. ड्रायव्हरने तेराव्या पगारातून माशांची काचेची पेटी घेतली होती. त्याने त्यातल्या एका सुस्त, तळाशी बसून राहणाऱ्या माशाचं नाव कात्री ठेवलंय, एवढंच नंतर कानावर आलं. बाकीचे जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. मी सगळ्यांना एकच सांगत होतो की मी भल्यासाठी केलं. हे वाक्य ऐकून आजवर कोणाचं समाधान झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

पण खरं घडलं ते घरी. तू कोणाची दमडी कधी ठेवली नाहीस. किराणावाल्याने चुकून चार आणे जास्त दिले तर पावसातून परत द्यायला गेलेली बाई तू, आणि तुझ्या नावाने थकबाकीचं पाकीट आलं. तू ते वाचलंस, हात पुसलेस, वरची कवळी काढलीस, खालची काढलीस, आणि दोन्ही माझ्या ताटाशेजारी ठेवून काहीतरी म्हणालीस. दात नसल्यामुळे ते मला नीट कळलं नाही, आणि मी शहाण्यासारखा विचारलं, काय म्हणालीस? मुलीने हळूच सांगितलं, आत्या म्हणतेय, हे घे आणि सरकारला दे. तू पुन्हा म्हणाली नाहीस. आत जाऊन पिशवी भरायला लागलीस. मी तुझ्या मागे यायला हवं होतं. ताटाशी बसून राहिलो, त्या दातांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी मी कर-कचेरीत गेलो. काचेपलीकडच्या बाईंना सगळी हकीकत सांगितली, घरभाड्यांपासून तुझ्या सफरचंदापर्यंत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं (घरी माझं इतकं कोणी ऐकत नाही) आणि विचारलं, पगार हातात पडला तो दिवस कोणता? मी म्हटलं, एकतीस. त्या म्हणाल्या, मग झालं तर. आणि पुढच्या माणसाला बोलावलं. त्यांचं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं, आणि ते कॅलेंडरात नव्हे. तू विचारलंस तेव्हा मी हसलो, तिथे चुकलं. मला माफ कर.

मधल्याला माझा नमस्कार, आणि आंघोळीची थाप जुनी झाली म्हणावं, आता दुसरी काढ. मुलांना गोड पापा. कळावे, लोभ होता तेवढा तरी असावा.

तुझा धाकटा
(कारखान्यात कात्री)

ता. क. : तुझा कर मी व्याजासकट भरून टाकलाय, पावती सोबत आहे. तुझ्या नावावर आता कोणाचं काही नाही. माझा स्वतःचा कर हप्त्यांवर आहे, म्हणून बस सोडून कारखान्यात चालत जातो, आणि गुडघा बरा होत नाही तो त्यामुळे. हे तुला दया यावी म्हणून लिहिलेलं नाही. (लिहिलंय.)

आणखी एक : मालक विचारत होते, या वर्षअखेरीला काय करायचं? पगार पुन्हा नव्या वर्षात दिला तर यंदा अकराच पगार होतात आणि जास्त कापलेला कर लोकांना परत मिळतो. एकतीसला दिला तर बारा होतात आणि परत काही मिळत नाही. कारखान्यात दोन तट पडलेत. या खेपेला मी तोंड उघडलेलं नाही. मालकांना म्हटलं, अक्काला विचारून सांगतो. ते म्हणाले, हे गेल्या वर्षीच करायचं होतंत. तेव्हा किल्ल्यांबरोबर कॅलेंडरही आता तूच मोज.

आणि शेवटचं : मधल्याने तुझा निरोप दिला की दात पार्सलने पाठवून दे. हे एवढं लांबलचक पत्र खरं तर त्याचंच उत्तर आहे. पाठवणार नाही. वस्तू तुझी, पैसे तुझे, हट्ट करायचा मला काडीचा अधिकार नाही, सगळं कळतं. दंतवैद्य म्हणाला की फार दिवस घातले नाहीत तर हिरड्या बसतात आणि कवळी मग बसत नाही, हेही कळलं. पण पार्सलने पाठवले तर तू तिकडेच हसशील, आणि ते मला चालणार नाही. शनिवारी दुपारच्या गाडीने ये. मी पेला घेऊन स्टँडवर उभा असेन, लोक बघतील तर बघू देत. दात घाल, आधी माझ्याकडे बघून हस, हात खाली ठेवून. मग हवं तर चाव.