जड उचलायचं नाही

आबा, तुम्ही समोर असतात तर हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. गेले आठ महिने मी महाडला जिममध्ये जाते. बायकांची वेळ सकाळची असते. तिथे मी लोखंड उचलते.

नवरा मुंबईत वारला, त्याच आठवड्यात माझ्याही रक्तात एचआयव्ही निघाला आणि तुम्ही मला माहेरी, कापड्याला घेऊन आलात. वहिनीने माझं ताट वेगळं ठेवलं. तुम्ही चुलीपुढे बसलात आणि माझ्याच ताटातली भाकरी मोडून खाल्लीत. पण मी भाताचा भारा डोक्यावर घेतला, तेव्हा खळ्यातून ओरडलात, "ठेव गो तो खाली! अंगात रगत नाय नि भारे उचलतेय!" मी ठेवला. पुढे कितीतरी वर्षं जड असं काही उचललंच नाही. गोळी एकदाही चुकवली नाही, विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, पण मांड्या वाळत गेल्या. पोलादपूरच्या स्टँडवर एसटीत चढताना दम लागायचा. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळ्या त्यांचं काम करतायत, स्नायूंचं काम तुम्हालाच करावं लागेल. वजनं उचला. हळूहळू वाढवा."

जिममध्ये मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. गेल्या मंगळवारी वजनाची चकती निसटते, बोट चेंगरतं, रक्त दांड्यावर ओघळतं. शिकवणारी पोरगी उघड्या हातांनी धावत येते. मी किंचाळते, "हात लावू नका!" सगळ्या बायका जागच्या जागी थांबतात. गाणं तेवढं वाजत राहतं. मूठ आवळून मी कपडे बदलायच्या खोलीत जाते, ती मागोमाग येते. "मला एचआयव्ही आहे," मी म्हणते. मला वाटतं, आता पिशवी उचलायची आणि निघायचं. ती मात्र प्रथमोपचाराच्या पेटीतून हातमोजे काढते. "ताई, रक्त कुणाचंही असो, हे मी आधीच घालायला हवे होते," ती म्हणते. मग पट्टी बांधता बांधता बजावते, "उद्या पायांचा व्यायाम आहे. बोटाची सबब चालणार नाही."

आज रिपोर्ट आला. रोगाशी लढणाऱ्या पेशी थोड्या वाढल्यात. "वजनांमुळे का?" मी विचारलं. डॉक्टरीणबाई हसल्या. "छातीठोक नाही सांगता येणार. मोठं काम गोळ्यांचंच. पण चालताना बघा ना स्वतःकडे."

हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून एक लिहिते. तुम्ही गेलात त्या सकाळी पाणी मागत होतात. तांब्या माझ्या हाताशी होता. माझ्या हातच्या पाण्याने काही होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण ओटीवर पाहुणे बसले होते, कुणीतरी बोलेल म्हणून मी वहिनीला हाक मारली. ती मागच्या दारी होती. ती येईपर्यंत तुम्ही मागायचं थांबला होतात.