काजळाचं बोट

राजूर, मंगळवार, संध्याकाळ

आज तोंड आवरलं असतं तर?

डोळ्यांच्या खुपऱ्या किती मुलांना आहेत, ते मोजायचं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत जायचं, प्रत्येक लहान मुलाची पापणी उलटून आत खुपऱ्यांचे दाणे आहेत का बघायचं आणि लिहायचं, एवढंच माझं काम. शहाणपण शिकवायचं नाही. आज सातव्या घरात शिकवलं. बाई एकाच बोटानं तिन्ही पोरींना काजळ घालत होती. मी फटकन बोलले, "अहो, अशानंच खुपऱ्या पसरतात. पोरी आंधळ्या होतील."

नवरा दारातच होता. "ऐकलं का? पोरी आंधळ्या करती!" म्हणत त्यानं तिच्या फाडकन थोबाडीत मारली. काजळाची डबी उडाली. दुसरी बसली तेव्हा तिचं डोकं चौकटीवर आपटलं. मी मध्ये पडले, तर मलाच म्हणतो, "मॅडम, तुमीच सांगितलं न्हवं?"

मीच सांगितलं होतं.

तिच्या ओठातून रक्त येत होतं. "ताई, पोरींचं बघून घ्या आधी," म्हणाली आणि एकेकीचं डोकं तिनंच घट्ट धरलं, त्याच काजळाच्या बोटानं. मी पापण्या उलटल्या. सहाही स्वच्छ. एक दाणा नाही.

नवऱ्याला मोठ्यांदा सांगितलं, दोनदा. "मंग बरं झालं की," म्हणाला, आणि तिला, "मॅडमला चा ठेव."

कपाच्या कानावर काजळ लागलेलं होतं. मी तो चहा प्यायले.