फक्त पाहण्याचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, बस आगारातून वेळापत्रक कारकून म्हणून निवृत्त, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री हवी असेल तर आगारातल्या एक्केचाळीस गाड्यांची पहिली फेरी किती वाजता सुटायची ते आजही विचारा. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट माझाच इतरांवर असतो, असं घरात बोललं जातं. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केलं होतं. ते रागात केलं होतं, ते रद्द समजावं. हेही काही शांत डोक्याने लिहिते आहे असं नाही, पण विचार करून लिहिते आहे.

कलम १. राहते घर, तीन खोल्या व मागची गॅलरी, माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा व माझी सून यांना निम्मे-निम्मे मिळावे. आधीच्या मृत्युपत्रात सुनेचं नाव नव्हतं. का नव्हतं आणि आता का आहे, ते पुढे येईल. गॅलरीचा नळ गळतो. तो मुलाच्या वाट्यात धरावा, कारण ‘रविवारी करतो’ म्हणून त्याला चार वर्षं झाली.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते नातीच्या शिक्षणाला. अट काही नाही. माझा फोटो लावलाच तर आगारातल्या ओळखपत्रावरचा लावावा, त्यात मी बरी दिसते.

कलम ३. लाकडी ड्युटी-तक्ता व त्याच्या खुंट्या. आगारात कोणत्या गाडीवर कोण ते खुंट्यांनी दाखवणारा हा तक्ता संगणक आला तेव्हा भंगारात निघाला होता. मी तो साहेबांकडून मागून घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणून स्वयंपाकघरात टांगला. पुढे अकरा वर्षं या घराचं चाक त्या तक्त्यावर फिरलं. मुलाची लाल खुंटी, सुनेची निळी, नातीची पिवळी, माझी हिरवी. कोणाला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय, कोणाची परीक्षा, कोण गाडी नेणार, सगळं मला विचारून. फेरी झाली की खुंटी काढायची, हा आगाराचा नियम. झालेल्या फेरीची खुंटी तक्त्यावर राहिली तर दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला दोन चालक येऊन उभे राहतात. हा तक्ता नातीला द्यावा. तिला नको असेल तर जाळू नये, सुताराला द्यावा, लाकूड चांगलं आहे.

कलम ४. बैठकीच्या खोलीतल्या कपाटातली काळी पेटी, म्हणजे घरचा सर्व्हर, तिची वायर व बॅकअपची डिस्क. ही मुळात सुनेनेच आणली, तेव्हा तिचीच आहे. मी देणारी कोण! तरी लिहिते, कारण या पेटीबद्दल मला बोलायचं आहे.

सून म्हणाली, “आई, आपली कॅलेंडरं बाहेरच्या कंपनीकडे कशाला? आपल्याच घरात ठेवू. प्रत्येकाचं वेगळं, आणि सगळ्यांना सगळ्यांचं दिसेल, फोनवर.” दोन संध्याकाळी बसून तिने ते उभं केलं. रंग माझ्याच तक्त्यावरचे घेतले. मला म्हणाली, “तुमचा हिरवाच ठेवलाय हं.” मी हसले. आतून माझा नुसता जळफळाट झाला. अकरा वर्षं लोक माझ्याकडे येऊन विचारत होते, आता खिशातून फोन काढून बघायला लागले. स्वयंपाकघरात कोणी फिरकेना. तक्त्यासमोर उभी राहून मी एकटीच खुंट्या लावत बसायचे, वेड्यासारखी.

आणि मग त्या कॅलेंडरात पाचवा रंग आला. जांभळा. माझ्या विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई. त्या दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहतात. त्यांची मूत्रपिंडं थकली, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. शुक्रवारी दवाखान्याची गाडी येते, मंगळवारी घरातल्याने न्यायचं: एकदा मुलगा, एकदा सून, एकदा विहीणबाईंचा पुतण्या. पाळी कोणाची ते कॅलेंडरात. आपल्या पाळीच्या मंगळवारी माझा मुलगा अर्धी रजा टाकून त्यांना नेई, दार उघडून धरी, पाठीमागे उशी ठेवी. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी शेअर रिक्षाने गेले होते. पोटात दुखायचं माझ्या. स्पष्टच लिहिते, मेल्यावर कोण मला रागावणार आहे!

आता खरी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी एका बुधवारी मी सवयीने झालेल्या नोंदी काढत बसले होते. फेरी झाली, खुंटी काढा. जांभळ्या मंगळवारावर बोट ठेवलं तर फोनने विचारलं, फक्त ही की सगळ्या? मला वाटलं, सगळ्या म्हणजे आजवर झालेल्या. दाबलं. पुढचा मंगळवार पाहिला तर कोरा. त्याच्या पुढचाही कोरा.

इथपर्यंत चूक होती. आगारात वाढलेल्या बाईच्या हातून व्हावी अशीच चूक. पण त्यानंतर सहा दिवस मी मूग गिळून गप्प बसले, ती चूक नव्हती. वाटलं, बघू दे की जरा, यांच्या पेटीवाचून कसं अडतं ते. वाटलं, फार तर उशीर होईल, धावपळ होईल, मग येतील स्वयंपाकघरात विचारायला. तक्त्यावर तो मंगळवार होता. मीच लावला होता.

कोणी आलं नाही. कॅलेंडर कोरं, म्हणून तिघांपैकी प्रत्येकाला वाटलं की दुसरा नेतोय. विहीणबाई सकाळी नऊपासून पिशवी मांडीवर घेऊन दारात खुर्चीवर बसून होत्या. फोन केला नाही. पोरं कामात असतील, त्रास नको म्हणाल्या. गुरुवारी त्यांना श्वास पुरेना. नऊ दिवस दवाखान्यात होत्या.

सगळे जमले तेव्हा मुलगा ओरडला, “नोंद गेली कुठे?” तेवढ्यात सून म्हणाली, “माझ्याकडून गेली. बदल करताना मंगळवारांची सगळी मालिका उडाली.” स्वतःच्या आईच्या पलंगापाशी उभी राहून म्हणाली. विहीणबाईंनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. पुतण्या तर पुढचं वर्षभर तिच्याशी धड बोलला नाही. मला वाटलं, तिला खरंच तसं वाटतंय. सुटले बाई, असंही वाटलं.

महिन्याभराने माझ्या फोनवर काही लिहिता येईना. सून म्हणाली, “आई, नवीन व्यवस्था आहे, तुम्हाला सगळं दिसेल.” दिसेल! म्हणजे फक्त पाहण्याचा हक्क. त्याच आठवड्यात मी ते पहिलं मृत्युपत्र लिहिलं.

कलम ५. गेल्या पावसाळ्यात सून कामासाठी परगावी असताना वीज गेली आणि पेटी बंद पडली. तिने फोनवर सांगितलं, “आई, ड्रॉवरमध्ये निळी वही आहे, त्यात पासवर्ड आहे, तुम्हाला जमेल.” जमलं. पेटी चालू झाली आणि मी पहिल्यांदा तिच्या आत पाहिलं. हक्कांची यादी होती. मुलगा: पाहणे व बदलणे. नात: पाहणे व बदलणे. विहीणबाई: पाहणे व बदलणे. आजी: फक्त पाहणे. अंगाचा तीळपापड झाला. मी तिथल्या तिथे विहीणबाईंचा हक्क काढून टाकला. चार दिवस त्या विचारत होत्या, “ताई, माझ्या फोनला काय झालंय हो? लिहिताच येत नाही.” मी म्हटलं, “जुना झाला असेल.” पाचव्या दिवशी लाज वाटली, परत दिला. हेही कबूल.

पण त्याच पानाच्या खाली जुन्या बदलांची नोंदवही होती. कोणी, कधी, काय. तीन वर्षांपूर्वीचा तो बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं: आजी, संपूर्ण मालिका काढली. आणि दुसरी ओळ, दवाखान्यातल्या त्या गुरुवारची, सगळे जमण्याच्या तासभर आधीची: सुनेने ही नोंदवही उघडून पाहिली.

म्हणजे तिला माहीत होतं. माहीत असून तिने स्वतःवर घेतलं, आणि तीन वर्षांत ब्र काढला नाही. वहीतला पासवर्ड मला देतानासुद्धा तिला ठाऊक होतं की मला हे दिसेल. खरं सांगू? तिच्या या मोठेपणाचाही मला हेवा वाटला. एवढं मन मला का नाही मिळालं!

म्हणून लिहून ठेवते: नोंद मी काढली, सहा दिवस मी गप्प बसले, सुनेचा यात काडीचाही दोष नाही. वकील म्हणाले, “आजी, हे मृत्युपत्रात कशाला?” मी म्हटलं, माझ्याकडे द्यायला याहून महाग काही नाही.

कलम ६. माझ्या पश्चात कॅलेंडरातला माझा हिरवा रंग कोणालाही देऊ नये. विहीणबाईंना तर मुळीच नाही.

कलम ७. विहीणबाईंना या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. वकील म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार करू नये. आणि मला त्याच साक्षीदार हव्यात. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, पण मी त्यांना वाचायला लावणार आहे. मेल्यावर माफी मागण्यात काय अर्थ आहे, तेव्हा मी उत्तर ऐकायला नसेन.

साक्षीदार पहिले: शेजारचे शिंपीकाका. सही केली. मजकूर वाचला नाही, चष्मा दुकानात राहिला म्हणाले.

साक्षीदार दुसऱ्या: विहीणबाई. सगळी पानं वाचली, कलम चार दोनदा. मग म्हणाल्या, “पोरीवर मी तीन वर्षं चिडून होते.” मी म्हटलं, “माझ्यावर चिडा आता.” त्या म्हणाल्या, “चिडलेच आहे.” आणि पेन मागितलं. सही केली. मग पिशवीतून फोन काढला, काहीतरी टिपत बसल्या, आणि फोन माझ्यापुढे धरला. जांभळ्या रंगात, दर मंगळवार, साडेदहा. पाळी कोणाची त्या जागी लिहिलं होतं: ताई.

स्थळ: स्वयंपाकघर. मंगळवार, सकाळचे पावणेदहा. रिक्षा दारात उभी आहे, म्हणून लिहिणं इथेच थांबवते.